अडीचशे कोटी कुणाच्या खिशात?

मारामारीच्या खटल्यात साक्षीला आलेला डॉक्टर हा कोर्टाच्या आवारातला सगळ्यात अवघडलेला माणूस. तिकडं ओपीडी तुंबलेली, इकडं पुकारा होत नाही. माझे एक डॉक्टर मित्र मध्यंतरी असेच बारामती कोर्टात इंज्युरी सर्टिफिकेट शाबीत करायला आले होते. वेळ होता म्हणून आम्ही चहाला बसलो. रुग्णांच्या माहितीचा विषय मीच काढला आणि त्यांनी तो चहा निवायच्या आत संपवला. "वकीलसाहेब, आपल्याकडं हॅक करायला कोण बसलंय? गावात तसंही सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं. आणि आता तर कायदाच आलाय, अडीचशे कोटी दंड. पेशंटला आणखी काय पाहिजे?" तेवढ्यात पुकारा झाला, ते आत गेले. उत्तर माझ्यापाशीच राहिलं.

डॉक्टर एकटे असं म्हणतात असं नाही. तालुक्याच्या गावात हॉस्पिटल, लॅब, सोनोग्राफी सेंटर चालवणारी बहुतेक मंडळी हेच म्हणतात, आणि पेशंटही मान डोलावतात. म्हणून उत्तर एकट्या डॉक्टरांना न देता चारचौघांत देतो.

गावात सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं, हे पुण्या-मुंबईत वाढलेला माणूस म्हणाला असता तर सोडून दिलं असतं. पण आमचे डॉक्टर इथलेच. निमगाव केतकीचा माणूस टीबीची शंका आली की इंदापूरला जायच्याऐवजी अकलूजची एसटी का धरतो, हे त्यांना ठाऊक आहे. पोरीला फिट येते म्हणून वालचंदनगरचे आईबाप बारामती ओलांडून थेट पुण्याला का जातात? चांगला डॉक्टर तिथंच आहे म्हणून नव्हे. दवाखान्याच्या बाकावर ओळखीचं कुणी बसलेलं नसावं म्हणून. मूल होत नाही म्हणून तपासण्या करणारं जोडपं तर दोन वेगवेगळ्या दिवशी घराबाहेर पडतं. इथला माणूस गुपित राखायला तिकीट काढतो, दिवसाचा रोजगार बुडवतो. त्याला गुपिताची किंमत कळत नाही असं म्हणायचं असेल तर त्याच्या खिशातली एसटीची तिकिटं मोजा आणि मग म्हणा.

आणि गावाला माहीत असतं ते काय? कुजबुज. कुजबुजीला माणूस नाही म्हणू शकतो. "छे हो, साधा खोकला होता," एवढं म्हटलं की पाहुणे निदान वरवर तरी गप्प बसतात. पण लेटरहेड, तारीख, सही-शिक्का असलेला रिपोर्ट मोबाइलवर फिरला की नाही म्हणायची सोय संपली. स्थळ मोडतं ते त्या कागदानं. 2020 च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या साथीत, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. साथ रोखायच्या बारामती पॅटर्नचं कौतुक राज्यभर झालं, ते व्हायलाही हवं होतं. पण त्याच दिवसांत राज्यात ठिकठिकाणी बाधितांच्या नावागावासकट याद्या व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. आजार चौदा दिवसांत गेला, यादी गेली नाही. त्या घरांना दूध घालणं बंद झालं होतं, हे आज आठवून कुणी हसेल. तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

आता हॅकरचं. माझी आत्या इंदापूर तालुक्यात असते. तिच्याकडं बटणाचा फोन. थायरॉइडची तपासणी केली तेव्हा लॅबनं रिपोर्टची लिंक मेसेजवर पाठवली. ती तिला उघडता येईना, म्हणून तिच्या नातवानं फोनवर एकेक अक्षर आणि आकडा वाचून दाखवला आणि मी माझ्या मोबाइलवर टाइप केला. शेवटचा आकडा माझ्याकडून चुकला. रिपोर्ट उघडला, पण तो आत्याचा नव्हता. सव्वीस वर्षांच्या एका बाईचा होता. वर पूर्ण नाव, गाव, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव, आणि खाली अशी तपासणी की जी बायका सासूलाही सांगत नाहीत. पासवर्ड नाही, ओटीपी नाही. मी ते पान बंद केलं आणि लॅबला फोन लावला. काउंटरवरचा पोरगा नम्र होता. म्हणाला, "सर, लिंक कुणाला द्यायची नाही, म्हणजे काही होत नाही."

डॉक्टर, सांगा बरं, इथं कुठला हॅकर आला? एक म्हातारी, एक शाळकरी पोर आणि आकडा चुकलेला एक वकील एवढ्यात काम झालं.

हे आपल्याच आडगावात होतं असंही नाही. 2016 च्या डिसेंबरमध्ये मुंबईच्या हेल्थ सोल्युशन्स नावाच्या लॅबचे 43,000 हून अधिक रिपोर्ट इंटरनेटवर असेच उघडे पडलेले सापडले. त्यात एचआयव्हीचे रिपोर्टही होते, रुग्णांच्या नावांसकट. तिथंही कुणी कुलूप तोडलं नव्हतं, कारण कुलूपच नव्हतं. 2020 च्या सुरुवातीला ग्रीनबोन नेटवर्क्स या जर्मन कंपनीनं एक्स-रे, सीटी, एमआरआय साठवणाऱ्या उघड्या सर्व्हरांचा हिशेब मांडला, तेव्हा भारतात पहिला नंबर महाराष्ट्राचा लागला: 3 लाख 8 हजारांवर नोंदसंच आणि जवळजवळ 7 कोटी प्रतिमा, कुणीही बघाव्यात अशा. 23 नोव्हेंबर 2022 ला दिल्लीच्या एम्सवर खराखुरा सायबर हल्ला झाला, पाच सर्व्हर गेले, आणि देशातलं एवढं नावाजलेलं सरकारी रुग्णालय काही दिवस कागदावर केसपेपर लिहीत बसलं. त्याचंही कारण संसदेत सांगितलं गेलं ते असं, की नेटवर्कची विभागणी नीट केलेली नव्हती. चोर हुशार होता हे खरं, पण घराला आतली दारंच नव्हती.

म्हणजे प्रश्न चोराचा कमी आणि राखणदाराचा जास्त आहे. राखणदारानं हयगय केली तर ज्याचं गेलं त्याला काय मिळणार? इथं डॉक्टरांचे अडीचशे कोटी येतात, आणि माझं खरं भांडण त्यांच्याशी आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाला 11 ऑगस्ट 2023 ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. माहिती सांभाळण्यात कसूर केली तर 250 कोटींपर्यंत दंड, माहिती फुटल्याचं लपवलं तर 200 कोटींपर्यंत. आकडा ऐकून छाती दडपते. पण कलम 34 कुणी वाचत नाही. दंडाची सगळी रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होईल, असं ते कलम सांगतं. म्हणजे सरकारी तिजोरीत. ज्या बाईचा रिपोर्ट मी चुकून पाहिला तिला त्यातला एक रुपयाही नाही. तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण बोर्डाला भरपाई द्यायला लावायचा अधिकारच या कायद्यानं दिलेला नाही. हे कुणाच्या नजरचुकीनं राहून गेलेलं नाही. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीनं 2018 मध्ये जो मसुदा दिला त्यात नुकसानभरपाईचं स्वतंत्र कलम होतं, 2019 च्या विधेयकातही होतं. 2023 ला ते गळालं.

दुष्काळात तेरावा महिना म्हणजे तक्रारदारासाठीही दंड आहे. खोटी किंवा उथळ तक्रार केली तर 10,000 रुपयांपर्यंत. ज्याचं गेलं त्याच्या हातात काही नाही, डोक्यावर मात्र दहा हजारांची टांगती तलवार. शिवाय बोर्डाकडं जायच्या आधी त्याच हॉस्पिटलकडं तक्रार करायची, आणि नियमांप्रमाणं तिच्यासाठी ते नव्वद दिवसांपर्यंत घेऊ शकतात.

याहून वाईट गोष्ट याच कायद्याच्या शेपटीत आहे. आज रुग्णाला भरपाईचा एक थेट रस्ता आहे: माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 चं कलम 43अ. संवेदनशील माहिती सांभाळणाऱ्या संस्थेनं वाजवी सुरक्षा ठेवली नाही आणि त्यामुळं कुणाचं नुकसान झालं, तर संस्थेनं त्याला भरपाई द्यायची. 2011 च्या नियमांत संवेदनशील माहिती म्हणजे काय ते लिहिलंय. त्यात शारीरिक आणि मानसिक आरोग्य, वैद्यकीय नोंदी आणि इतिहास स्पष्ट शब्दांत आहेत. संस्था म्हणजे मोठी कंपनीच असंही नाही. भागीदारी फर्म आली, एकट्या मालकाचा धंदा आला. म्हणजे एकाच डॉक्टरांचं दहा खाटांचं हॉस्पिटलही आलं. आता नव्या कायद्याच्या कलम 44 नं हे 43अ काढून टाकलंय. नोव्हेंबर 2025 च्या अधिसूचनेप्रमाणं ती तरतूद अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होईल. त्यानंतर जुन्या कायद्याचं कलम 43 उरेल, पण ते शिरकाव करणाऱ्याकडून भरपाई मागायला. म्हणजे आधी चोर सापडला पाहिजे. रशियातल्या कुठल्या खोलीत बसलेल्या पोराला इंदापूरची बाई शोधणार कुठं?

"पेशंटला आणखी काय पाहिजे" याचं उत्तर हे आहे, डॉक्टर. जे होतं ते जाऊ नये, एवढंच पाहिजे.

मे 2027 पर्यंत हा रस्ता उघडा आहे आणि तो कुणी तुडवत नाही, याची मला जास्त चीड आहे. 43अ खालचा दावा दिवाणी कोर्टात जात नाही. पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढं न्यायनिर्णय अधिकारी म्हणून चालतात, मंत्रालयात. आमच्या वकीलमंडळींपैकीही कितीजणांना हे माहीत आहे, ते विचारू नका. 2013 मध्ये याच अधिकाऱ्यापुढं पुण्याच्या एका कंपनीचं प्रकरण आलं. फिशिंगच्या मेलला बळी पडून तिच्या खात्यातले 80 लाखांच्या वर गेले होते. त्या वेळचे सचिव राजेश अगरवाल यांनी पंजाब नॅशनल बँकेला 45 लाख द्यायचा आदेश दिला. कंपनीनंही हयगय केली होती, तरी बँकेची जबाबदारी सुटली नाही. ते पैशाचं प्रकरण होतं, रुग्णाचं नव्हतं, हे कबूल. पण राखणदारानं राखण केली नाही तर त्याच्याकडून वसूल करता येतं, हे त्या खोलीत ठरलेलं आहे. मे 2027 च्या आधी ज्याची माहिती फुटली त्याचा हक्क कलम निघालं म्हणून मरणार नाही. सर्वसाधारण कलमे अधिनियमाचं कलम 6 तो जिवंत ठेवेल, असं माझं मत आहे. समोरचे वकील वेगळं म्हणतील. म्हणोत.

अडचण दुसरीच आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. 43अ ला 'गैरवाजवी नुकसान' दाखवावं लागतं. खात्यातून पैसे गेले तर आकडा असतो. स्थळ मोडलं त्याचा आकडा काय लावायचा? इथं मी माझ्या पक्षकाराला मंत्रालयापेक्षा ग्राहक आयोगाकडं वळवतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'इजा' म्हणजे शरीर, मन किंवा मालमत्ता यांना बेकायदेशीरपणे झालेली कुठलीही हानी. मन हा शब्द तिथं आहे. ग्राहकानं विश्वासानं दिलेली खासगी माहिती दुसऱ्याला उघड करणं ही अनुचित व्यापारी प्रथा, असंही त्याच कायद्यात लिहिलंय. महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं ही सेवेतली त्रुटी. म्हणजे सर्व्हर फुटला आणि हॉस्पिटलनं तोंडाला कुलूप लावलं, तर ते कुलूप हीच एक वेगळी तक्रार. डॉक्टरी सेवा या कायद्यात येत नाही असं सांगणारे अजून भेटतात. 1995 च्या व्ही. पी. शांता निकालानं तो वाद मिटवलाय.

सोयही आहे. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग लॅबचं मुख्यालय मुंबईत असो की बंगळुरूत. सेवेसाठी दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही. तक्रार ऑनलाइन भरता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही. (हे लिहून मी माझ्याच पोटावर पाय देतोय.) एकाच लॅबमुळं चारशेजण उघडे पडले असतील तर आयोगाच्या परवानगीनं एकानं सगळ्यांच्या वतीनं तक्रार करायची मुभा आहे. मुदत दोन वर्षं. लागतं ते एकच आणि आपल्याकडं नेमकं तेच नसतं: पावती. "पावती पाहिजे का? मग जीएसटी लागेल," असं ऐकून आपण हात मागं घेतो. आरोग्यसेवेच्या बहुतेक बिलांवर जीएसटी लागतच नाही, ही गंमत वेगळी. पावती घ्या, मेसेज पुसू नका, जिच्यावरून माहिती बाहेर दिसली ती लिंक आणि पडद्याचा फोटो तारखेसकट ठेवा. पुढं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडता येतं. फोनच पुसलेला असेल तर जोडायला काही उरत नाही.

पोलीस? जरूर जा, पण काय मिळेल ते ओळखून जा. आयटी कायद्याचं कलम 72अ करार मोडून माहिती उघड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत आत टाकू शकतं, मात्र नुकसान करायचा हेतू किंवा जाणीव लागते. नुसती हयगय त्यात बसत नाही. कंपाउंडरनं रिपोर्टचा फोटो मुद्दाम पाहुण्यांना पाठवला तर बसतं. ठाण्यात "सायबरला जा, पुण्याला" असं सांगितलं तर कलम 78 दाखवा: पोलीस निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला या गुन्ह्याचा तपास करता येतो, आणि निरीक्षक तालुक्याच्या ठाण्यातही बसतो. डॉक्टरनं स्वतः गुपित फोडलं तर महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे, 2002 चे आचारनियम आहेत. तिथं नोंदणीवर गदा येऊ शकते, पैसे मिळत नाहीत, आणि लॅबच्या कंपनीला ती परिषद लागू नाही.

इथपर्यंतचं सगळं पैसे मोजून उपचार घेणाऱ्याचं झालं. बारामतीच्या सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालयाच्या रांगेतल्या माणसाचं काय? सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत झाले. चांगलं झालं. पण जिथं सगळ्यांनाच सेवा पूर्ण मोफत, तिथं शांता निकालाप्रमाणं तो रुग्ण 'ग्राहक' राहत नाही आणि आयोगाचं दार त्याला बंद होतं. सरकारी रुग्णालय 43अ मधली 'संस्था' धरायचं की नाही, यावर भांडावं लागेल. उरतं उच्च न्यायालय. 24 ऑगस्ट 2017 च्या पुट्टस्वामी निकालानं खासगीपण हा मूलभूत हक्क ठरला, तेव्हा रिट याचिका करता येते आणि भरपाईही मागता येते. मागायला मुंबई गाठावी लागते. खासगी हॉस्पिटलात महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन झालेल्याची गोष्ट निराळी. त्याचा खर्च दुसरं कुणीतरी हॉस्पिटलला भरतं, म्हणून तो ग्राहक आहे असं शांताच्याच आधारावर म्हणता येतं. पण सगळ्यात गरीब रुग्णापुढं सगळ्यात कमी दारं, हे नव्या कायद्यानं बदललं नाही.

डॉक्टरांची एक बाजू मला पटते, तीही सांगतो. ते म्हणतात, मी पेशंट बघू का सर्व्हर? खरं आहे. पण कायदा 'वाजवी' सुरक्षा मागतो, अशक्य मागत नाही. रिसेप्शनच्या मॉनिटरला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी काढायला इंजिनिअर लागत नाही. स्टाफच्या ग्रुपवर पेशंटच्या नावासकट फिल्म टाकू नये, व्हॉट्सॲप वेब रात्रभर उघडं ठेवू नये, लिंकला ओटीपी लावावा, सोडून गेलेल्या कंपाउंडरचं लॉगिन बंद करावं. ऑपरेशन थिएटरात चप्पल घालून येऊ देत नाही तो माणूस हे करू शकतो.

आत्याच्या वतीनं मी त्या लॅबला नोटीस पाठवली. ग्राहक आयोगात जाऊ म्हटलं तर ती म्हणाली, "ऊस तुटायचाय, मला तारखांत घालू नको." मी घातलं नाही. तीन आठवड्यांनी लॅबचं उत्तर आलं. लिंकला आता ओटीपी लावलाय, आणि आमच्याकडून कुणाही रुग्णाची कसलीही माहिती बाहेर गेलेली नाही, असं त्यात होतं. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवायचं, हे बंधन नव्या कायद्यात आहे. तेही मे 2027 पासून. त्या सव्वीस वर्षांच्या बाईला अजून कुणी काही कळवलेलं नाही. मी तिचं नाव लिहून ठेवलं नाही, पण ते मला आठवतं.